पुजदेमोनइतकंच जुंकेरासकडेही पाहा

२०१७ मध्ये स्पेनपासून कॅटलोनिया वेगळा करण्याच्या प्रयत्नानंतर तिथल्या सरकारचा अध्यक्ष कार्लेस पुजदेमोन बेल्जियमला निघून गेला, आणि चर्चा त्याभोवतीच फिरते आहे. त्याचा उपाध्यक्ष ओरिओल जुंकेरास मागेच राहिला, हे सुटतंय.

मूळचा इतिहासाचा प्राध्यापक. सांत विसेन्स देल्स ओर्त्स या बार्सिलोनाजवळच्या गावाचा महापौर झाला, २०११ मध्ये ईआरसी या कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या पक्षाचा अध्यक्ष झाला. त्याच प्रयत्नामुळे नोव्हेंबर २०१७ मध्ये तुरुंगात गेला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये राजद्रोह व सरकारी पैशाच्या गैरवापरासाठी १३ वर्षांची शिक्षा झाली.

मला सर्वात खटकतं ते मधलं प्रकरण. मे २०१९ मध्ये स्पेनच्या संसदेत निवडून आल्यावर शपथ घ्यायला त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तुरुंगातून पहाऱ्यात आणलं. तो युरोपीय संसदेवरही निवडून आला, पण महिन्याभरात तिथल्या शपथेसाठी सोडायला त्याच सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, निवडणुकीचा निकाल जाहीर होताच त्याला खासदार म्हणून कायदेशीर संरक्षण लागू झालं होतं. तोवर शिक्षा सुनावून झालेली! युरोपीय संसदेतली जागा गेली ती गेलीच. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाशी असं वागणं मला तरी पटत नाही.

जून २०२१ मध्ये स्पेनच्या सरकारने माफी दिली, सरकारी पद घेण्यावरची बंदी मात्र उठवली नाही. तरी स्पेनच्या सरकारशी वाटाघाटींची वाट त्याने सोडली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पक्षाने त्यालाच पुन्हा अध्यक्ष निवडलं.