मदत हवी आहे: नाथसागरातल्या (जायकवाडी धरण) बेटावर भुंगेऱ्यांचे सापळे उंदीर उकरतात

गोदाकाठचं_पोर: एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, बेटावरच्या भुंगेऱ्यांची विविधता. पिटफॉल (जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले कप) लावले की सकाळी कप उपसलेले, आत नुसत्या तंगड्या आणि पंखांची टरफलं. मासेमारीच्या होड्यांतून आलेले उंदीर आहेत, मांजरंही. सबमिशन तोंडावर आलंय. लवकर सांगा.

पैठणचा: कोणतं बेट? कपात काय घालता? जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगी?

गोदाकाठचं_पोर: परवानगी सरांनी काढलीय, ते सोडा. कपात गुळाचं पाणी.

जालना_शेती: हुमणीचं (मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी) विचारायलाव का? पहिल्या पावसानंतर रात्री लिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. उसाला मेटारायझियम बुरशी सोडा.

गोदाकाठचं_पोर: दादा, मारायचे नाहीत, मोजायचेत.

जालना_शेती: मग कपात पडलेले जगायलेत का?

किडेवाला: गूळ बंद. उंदरांना पंगतच वाढलीय तुम्ही. मिठाचं दाट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. प्रोपिलिन ग्लायकॉल मिळालं तर उत्तम. गाडीचं कूलंट घालू नका, त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि विषारी आहे. वर कोंबड्यांची जाळी खुंट्यांनी ठोका.

गोदाकाठचं_पोर: गूळ सरांनीच सांगितलाय.

रानवाट_परभणी: जाळी नको. मोठे शेणकिडे वरच अडतात, आणि उंदीर आधी मोठेच उचलतो. मग उंदराचा परिणाम मोजताय का जाळीचा? अमावस्येच्या आसपास पांढरी चादर आणि दिवा लावा.

किडेवाला: दिव्याला काठावरूनही उडून येतात, ते बेटाचे कसे धरणार? न उडणारे तर येतच नाहीत. जाळी ठेवा, पण तुलनेला काठावरही सापळे लावा, त्यांनाही तीच. शिवाय दोन्हीकडं रात्री बॅटरी घेऊन दगडांखाली शोधा, सारखाच वेळ. मोठे त्यात कळतील.

इतिहास_वेडा: ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर 1918 ला जहाज अडकलं, उंदीर उतरले. तिथला मोठा भुंगेरा नाहीसा झाला, थेट 2001 ला सापडला.

रानवाट_परभणी: तो काडीकिडा हो, भुंगेरा नाही! आणि सापडला शेजारच्या बॉल्स पिरॅमिड सुळक्यावर.

पैठणचा: ते समुद्रातलं बेट, आपलं धरणातलं. पाणी अडवायच्या आधी ते टेकाडच होतं. उंदीर होडीतूनच आले कशावरून? तेव्हापासूनचे असतील, पोहूनही येतात. "बाहेरून आणलेले शिकारी" असं शीर्षक दिलं तर तोंडी परीक्षेत धरतील. कप वरच्या अंगाला पुरा, धरण भरलं की खालचे बुडतात. रोहित पक्षी आलेत का यंदा?

गोदाकाठचं_पोर: रोहित बघितले नाहीत. जाळी किती भोकाची?

किडेवाला: दोन सेंटिमीटरची. पण नक्की उंदीरच का? कपाशेजारी मातीचे ढीग दिसतात का?

गोदाकाठचं_पोर: हो, मोठाले. बिळंही आहेत.

किडेवाला: मग घूस असेल, ती इथलीच. फोटो टाका, शेपटीसकट.