उबंटूवर एनव्हीडियाचा ड्रायव्हर बसेना झालाय, काय करावं?

मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, केडेनलाइव्हवर. मशीनवर उबंटू 22.04 (लिनक्स) आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचं जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबीचं. ज्यानं मशीन जोडून दिलं त्यानंच एनव्हीडियाच्या साइटवरची ती '.रन' फाइल चालवून ड्रायव्हर बसवून दिला होता. आजवर बिनतक्रार चाललं. परवा अपडेट आलं, मशीन रिस्टार्ट केलं आणि स्क्रीन 1024 बाय 768 वर येऊन बसली. एकेक आयकॉन थाळीएवढा दिसायलाय.

एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) टाकलं की म्हणतं ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही. तीच '.रन' फाइल परत चालवली तर 'बिल्डिंग कर्नल मॉड्यूल्स' म्हणून (म्हणजे कर्नलमध्ये, सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारे ड्रायव्हरचे भाग बांधताना) थांबते आणि एरर देऊन बाहेर पडते. नवी फाइल उतरवावी म्हटलं तर ती तीनशे एमबीच्या वर, आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं.

तोवर रेंडर प्रोसेसरवर टाकलाय. एका हळदीला रात्र जायली. लग्नसराई तोंडावर आलीय, गिऱ्हाईक दारात. हे दुरुस्त होईल का? का दुसरं लिनक्स टाकू? का कार्डच विकून एएमडीचं घेऊ? जाणकारांनी सांगा.

बिनधास्त_बीड

विंडोज टाका आणि मोकळे व्हा. कशाला डोक्याला ताप.

मांजराकाठ

भाऊ, मशीन ह्याच्यावर बसलंय, सगळे प्रोजेक्ट ह्याच्यात आहेत. सीझनमध्ये घर बदलायला सांगू नका.

पेंग्विनप्रेमी (जालना)

ही नूवोची (लिनक्सात आधीपासून असणारा एनव्हीडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर) भानगड आहे. नूवो ब्लॅकलिस्ट करा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या, रिस्टार्ट करा, परत '.रन' चालवा. नेटवर सगळीकडं हेच लिहिलेलं आहे.

गोदाकाठ (नांदेड)

पेंग्विनप्रेमी, नूवोमुळं असतं तर इन्स्टॉलरनं सुरुवातीलाच 'नूवो सध्या वापरात आहे' म्हणून तोंडावर सांगितलं असतं. इथं गाडी मॉड्यूल बिल्ड करताना अडलीय, ते वेगळं दुखणं.

मांजराकाठ दादा, फाइल पुन्हा पुन्हा चालवू नका, काही हाती लागणार नाही. आधी एवढ्या गोष्टी इथं टाका (मोबाईलवरून उच्चाराप्रमाणं लिहितोय, टर्मिनलात नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाका):

युनेम -आर
डीकेएमएस स्टेटस
मोकयुटिल --एसबी-स्टेट
एलएसपीसीआय -के, त्यातला फक्त व्हीजीएचा भाग

आणि व्हार-लॉग मधली 'एनव्हीडिया-इन्स्टॉलर.लॉग' उघडा. शेवटच्या ओळी बघू नका, तिथं नुसतं 'फेल्ड' लिहिलेलं असतं. वरून खाली येत पहिली 'एरर' शोधा. खरं कारण तिथं असतंय, खालचं सगळं त्याचं रडगाणं.

मांजराकाठ

घ्या.
कर्नल 6.8.0, शेवटी 'जेनेरिक'.
डीकेएमएस स्टेटस: काहीच आलं नाही, रिकामं.
सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं चालू न देणारी सोय): डिसेबल्ड.
व्हीजीएखाली कार्डाचं नाव आहे, 'कर्नल मॉड्यूल्स' म्हणून एक ओळ आहे, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही.

लॉगमध्ये आधी एक इशारा: कर्नल जीसीसी-12 नं (कोडवरून प्रोग्राम बांधणारा कंपायलर) बांधलाय, तुम्ही वापरताय जीसीसी 11.4. त्याच्याखाली पहिली एरर: 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन -एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो'. हीच ओळ पुढं शेकड्यानं आलीय.

गोदाकाठ (नांदेड)

सापडलं. त्या एका ओळीत सगळी कुंडली आहे.

उबंटू 22.04 आलं तेव्हा कर्नल होता 5.15 आणि सोबत कंपायलर जीसीसी 11. पुढं एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचे) म्हणून नवे कर्नल ह्याच आवृत्तीत येत गेले, 6.5, मग 6.8. हे कर्नल उबंटूवाल्यांनी जीसीसी-12 नं बांधले. तो लांबलचक पर्याय 12 ला कळतो, 11 ला कळत नाही. तुमच्या मशीनवर 'सीसी' म्हटलं की 11 च पुढं येतो, म्हणून पहिल्याच फाइलला धडकतो.

आता अपडेटनंतरच का झालं? ड्रायव्हरचं मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच कर्नलवर चालतं. नवा कर्नल आला की ते परत बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस आपोआप करतं, पण '.रन' नं बसवताना डीकेएमएसमध्ये नोंद करायची का असं इन्स्टॉलर विचारतो, आणि बहुतेक जण 'नो' दाबून पुढं जातात. तुमचं स्टेटस रिकामं आलं ते त्यामुळंच.

'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही त्याचंही कारण तेच. '.रन' वाल्यानं जाता जाता नूवोला बंदी घातली आणि एनव्हीडियाचं मॉड्यूल तर बांधलंच गेलं नाही. म्हणजे कार्ड कुणाच्याच ताब्यात नाही. जालन्याचा सल्ला इथं का चालला नसता ते ह्याच्यावरून कळेल, नूवो आधीच बाहेर आहे.

नुसतं जीसीसी-12 टाकून '.रन' परत चालवता येईल. चालेलही. पण पुढच्या कर्नलला पुन्हा हाच तमाशा. माझं स्पष्ट मत: साइटवरची फाइल उबंटूवर चालवूच नये. उबंटूच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) ड्रायव्हर आहे, तोच घ्यायचा.

असं करा:

पहिलं, जुनं साफ. 'सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल'. ईटीसी-एक्स11 मध्ये 'एक्सऑर्ग.कॉन्फ' नावाची फाइल दिसली तर तिचं नाव बदलून ठेवा, इन्स्टॉलरची ती सवय असते.

मग 'सुडो ॲप्ट अपडेट', आणि 'उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस'. यादी येईल, एकापुढं 'रेकमेंडेड' लिहिलेलं असेल. तुमच्या कार्डाला ड्रायव्हरची 535 किंवा 580 आवृत्ती दाखवावी. 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' दिलं की तेच बसतं.

ह्यात गंमत अशी की उबंटू नेहमीच्या कर्नलांसाठी मॉड्यूल आधीच बांधून, स्वतःची सही करून देतं. तुमच्या मशीनवर कंपायलरचा संबंधच येत नाही. जीसीसी 11 असो की 12.

सावध एकाच ठिकाणी राहा: यादीत नावापुढं 'ओपन' लिहिलेले प्रकार दिसतील, ते घेऊ नका. ते मॉड्यूल ट्यूरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांना चालतात, म्हणजे जीटीएक्स 16 मालिका, आरटीएक्स 20 आणि पुढं. तुमचं 1050 टीआय त्याआधीच्या पास्कल पिढीचं आहे, 'ओपन' टाकलं तर ड्रायव्हर बसल्यासारखा दिसेल पण कार्ड उचलणार नाही.

जुनाखोड (परभणी)

गोदाकाठनं बरोबर सांगितलं. मी भर एवढीच घालतो: करण्याआधी स्क्रीन काळी पडली तर काय, ते लिहून ठेवा. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं की काळा टर्मिनल मिळतो, लॉगिन करून सगळं तिथूनही होतं. तेही नाही जमलं तर चालू होताना एस्केप दाबून ग्रबमध्ये (सुरुवातीच्या निवड-यादीत) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. आणि डीएफ -एच देऊन बूटमध्ये जागा आहे का बघा. जुने कर्नल साचून बूट भरलं की अर्धवट इन्स्टॉल होतं आणि मग आपण ड्रायव्हरच्या नावानं बोंबलत बसतो.

मांजराकाठ

सुरुवात केली. अनइन्स्टॉल नीट झालं. यादीत 535 रेकमेंडेड आलं. इन्स्टॉल चालू असतानाच लाईट गेली. इन्व्हर्टर स्टुडिओच्या पंख्यालाच पुरतो. लाईट आल्यावर परत कमांड दिली तर म्हणतंय 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड'. आता?

जुनाखोड (परभणी)

घाबरू नका, आपल्याकडं हे रोजचं. तो संदेश पूर्ण वाचा, उपाय त्यातच लिहिलाय: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. ते संपलं की 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', मग परत ड्रायव्हरची कमांड. उतरलेलं पॅकेज ॲप्टजवळ पडून असतं, अर्धवट उतरलेलंही तिथून पुढं चालू होतं, हॉटस्पॉटचा डेटा परत जाणार नाही. आणि ह्या वेळी पंखा बंद करून मशीन इन्व्हर्टरला लावा.

ओंजळ (संभाजीनगर)

मध्येच विचारते, धागा तोच आहे म्हणून. माझा लॅपटॉप, आरटीएक्स 3050, विंडोज 11 सोबत डेबियन 12. ड्रायव्हर डेबियनच्याच रिपॉझिटरीतून घेतला, डीकेएमएस 'इन्स्टॉल्ड' दाखवतं. पण मोडप्रोब (मॉड्यूल चढवायची कमांड) दिलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. हॉस्टेलातले म्हणतात बायोसमधून सिक्युअर बूट बंद कर.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, लगेच बंद करू नका. विंडोजला बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर ते रिकव्हरी की मागतं, आणि ती जवळ नसली तर मोठीच पंचाईत.

तुमचं मॉड्यूल बांधलं गेलंय, सहीही झालीय, फक्त त्या सहीची ओळख मशीनला करून दिलेली नाही. 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब' द्या. पासवर्ड मागेल, साधा ठेवा, एकदाच लागतो. रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंदच थांबते, तेव्हा चहाला उठू नका. कुठलंही बटण दाबा, 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. स्क्रीन निसटलीच तर इम्पोर्टची कमांड परत द्या.

पेंग्विनप्रेमी (जालना)

एवढं सगळं करण्यापेक्षा एएमडी घ्या की राव. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, काही बसवायचं नाही. लिनस टोरवाल्ड्सनं 2012 साली फिनलंडात भर सभेत एनव्हीडियाला बोट दाखवलं होतं ते उगाच नाही.

गोदाकाठ (नांदेड)

ते खरं. नवं मशीन घेणाऱ्याला मीही एएमडीच सांगतो. 2022 पासून एनव्हीडियानं कर्नलचा भाग खुला करायला घेतला तरी जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही. पण हातात चालू कार्ड असताना सीझनमध्ये विकायचं नसतं. पास्कलसाठी 580 ही शेवटची शाखा आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. कुणी 590 टाका म्हणालं तर टाकू नका. सेकंडहँड बाजारात जीटी 710 स्वस्तात मिळतं म्हणून कुणी घेत असेल तर तेही नको, ते 470 वरच अडकलंय आणि त्या शाखेची दुरुस्ती एनव्हीडियानं थांबवलीय.

मांजराकाठ

झालं! पंखा बंद करून, घामाघूम होऊन, पण झालं. एनव्हीडिया-एसएमआय मध्ये 535 दिसायलंय, स्क्रीन पूर्ण आली, केडेनलाइव्हला एनव्हीईएनसी (कार्डावरचा व्हिडिओ एन्कोडर) निवडून हळद परत रेंडरला लावलीय, पट्टी डोळ्यादेखत पुढं सरकायलीय. गोदाकाठ आणि परभणीवाले काका, दोघांचे आभार. आता एकच: पुढचा कर्नल येऊ नये म्हणून अपडेट बंद करून ठेवू का?

जुनाखोड (परभणी)

नका. सुरक्षेचं सगळंच अडकतं. पॅकेजवाला ड्रायव्हर कर्नलसोबत येतो. फक्त डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी अपडेट दाबायचं नाही, आणि 'ऑटोरिमूव्ह' करताना एक जुना कर्नल राहतोय ना तेवढं बघायचं.

ओंजळ (संभाजीनगर)

निळी स्क्रीन पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा जमलं. मोडप्रोब गप्प बसलं, म्हणजे बसलं ना?

गोदाकाठ (नांदेड)

गप्प बसलं म्हणजे झालं. खात्रीला एनव्हीडिया-एसएमआय बघा.