माटोळी आणि तालुका, संबंध आहे की नाही कसं तपासायचं?

वाळपईची_पोर:
प्रोजेक्टसाठी गोव्यातल्या सत्तरी आणि तिसवाडी तालुक्यांत विचारलंय, चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती चौकट) सामान रानाकुळागरातून (कुळागर म्हणजे सुपारीची बाग) आणता की बाजारातून. सत्तरीत कवंडळं (रानातली फळं), सुपारीचा शिपटा (घोस) सगळं घरचं नाहीतर रानातलं, तिसवाडीत, म्हणजे पणजीकडे, बाजारातलं जास्त. टक्केवारीत फरक दिसतोय पण मॅडम म्हणतात टेस्ट लाव. तालुका आणि सामान कुठून आणतात, दोन्ही नुसते गटच आहेत, आकडे नाहीत, मग कुठली टेस्ट? घरात जेवढी मोठी माणसं भेटली तेवढ्यांचे फॉर्म भरलेत त्यामुळे डेटा भरपूर आहे.

फोंडेकार:
काय-स्क्वेअर लाव, पिअर्सनची १९०० सालची टेस्ट. टेबलात टक्के नको, मोजलेली संख्या टाक. समजा दोन्ही तालुक्यांत ५०-५० घरं, रानातून आणणारी सत्तरीत ३०, तिसवाडीत १५. एकूण १०० पैकी ४५, म्हणजे तालुक्याचा काही संबंध नसता तर दोन्हीकडे साडेबावीस यायला हवी होती. प्रत्येक खान्यात फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या, चारही खान्यांची बेरीज ९.०९ येते. दोन बाय दोनच्या टेबलाला नेहमीच्या ५ टक्के पातळीवर मर्यादा ३.८४, तिच्या वर गेलं म्हणजे संबंध नाही हे म्हणणं टिकत नाही. आर हे सॉफ्टवेअर वापरलंस तर ७.९२ दाखवेल, घाबरू नको, ते येट्सची दुरुस्ती (दोन बाय दोनला उत्तर थोडं कमी करणारी) आपणहून लावतं.

कुळागर:
वरचं गणित बरोबर आहे पण मला भीती त्या फॉर्मांची वाटते. अगं माटोळी घराला एकच असते ना, मग सासू, सून, मुलगा तिघांनी एकच उत्तर दिलं तर ती तीन माहित्या कशा? या टेस्टला प्रत्येक नोंद स्वतंत्र लागते. वरच्याच उदाहरणात प्रत्येक घरातून तिघांना मोज, प्रमाण तेच राहील आणि ९.०९ चे थेट २७.२७ होतील, नवीन घर एकही न बघता! घराला एकच फॉर्म धर. संबंध किती घट्ट ते क्रॅमरच्या व्ही वरून (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) बघ, इथे ०.३० येतो, आणि तो तिप्पट केल्याने हलत नाही.

वाळपईची_पोर:
फॉर्मवर घर नंबर आहे दादा, तसं करते. पण 'दोन्हीकडून' म्हणणारी थोडी घरं आहेत, ती काढून टाकू?

फोंडेकार:
काढू नको गो, तिसरा गट कर, मग मर्यादा ५.९९ होते. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट घे, ती लहान संख्यांनाही चालते. कुळागर म्हणतो ते आधी कर मात्र.