रेड अलर्ट आला, थेंब नाही पडला, म्हणून वेधशाळेला टाळं?

ओटल्यावरची
काल मांडववाल्या नानांनी लिहिलं की टीव्हीवर लाल पट्टी बघून त्यांनी एका पूजेच्या मांडवाची ऑर्डर सोडली, नंतर दिवसभर कडक ऊन पडलं, तेव्हा या वेधशाळेला टाळं लावा आणि आपलं पंचांग बरं. त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. मला रात्री झोपताना पण तेच डोक्यात, म्हणून लिहितेय.

नाना, नुकसान झालं ते खरंच, त्याबद्दल वाद नाही. पण पट्टीखालची ओळ वाचलीत का? 'एक-दोन ठिकाणी अति मुसळधार' असं जेव्हा म्हणतात तेव्हा त्या भागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर तसा पाऊस होईल एवढाच अर्थ असतो. आणि बडोदे जिल्हा म्हणजे काही शहरातलं एक मांजलपूर नाही, पादरा, करजण, सिनोर, डभोई, सावली, देसर, वाघोडिया सगळं त्यात आलं. करजणकडे कोसळला आणि शहरात मांडवीला कोरडं, तर अंदाज चुकला कुठे?

दुसरं म्हणजे ऑगस्ट संपता संपता आपल्याकडे जो मोठा पाऊस येतो तो बंगालच्या उपसागरात तयार होऊन, ओडिशा-मध्य प्रदेश तुडवत येतो. त्याची वाट पन्नास-साठ किलोमीटर इकडची तिकडे झाली की पाऊस पंचमहालात नाहीतर भरूचला. आणि असं काही आलेलं नसेल तेव्हा भाद्रपदाचं ऊन तापतं, चार वाजता ढग चढतो आणि एका सोसायटीत धो धो, शेजारच्या सोसायटीत कपडे वाळत. हे चार दिवस आधी गल्लीनिहाय कोणी सांगणार? ब्रह्मदेवाला विचारा.

मांडववाले नाना
बाई तुम्ही शाळेत शिकवायच्या का? मला टक्के शिकवू नका. यजमान फोनवर विचारतात, नाना, पाऊस येणार का. मी काय सांगू, तुमच्या घरावर पाव येणार? लाल म्हणजे लाल. सिग्नलला लाल असतो तेव्हा मी 'एक-दोन ठिकाणी' थांबत नाही. पाव केंद्रांवरच पडणार तर अख्खा जिल्हा लाल कशाला रंगवता, तेवढंच रंगवा ना. आणि ती टीव्हीवरची मुलगी 'बडोद्यावर संकट' म्हणून ओरडत होती, ती पण वाचून ओरडत होती का?

दिलखुश
नाना, ओरडण्याचे तिला पैसे मिळतात. तुमचे गेले.

पंचांगी
हसा हसा. आमच्या घरी दाते पंचांग भिंतीवर असतं, मघा नक्षत्राचं वाहन काय, म्हणजे पाऊस कुठल्या प्राण्यावर बसून येणार, ते आजोबा जूनमध्येच सांगून ठेवायचे. पडतील मघा तर चुलीपुढे हगा, हे काय सुपरकॉम्प्युटरने सांगितलं? कोट्यवधींचं मशीन घेऊन बसलेत आणि दुपारी सांगतात की दुपारी पाऊस आहे.

ओटल्यावरची
पंचांगी, वाहन कसं काढतात ते सांगा ना सगळ्यांना. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी तीन उरली तर बेडूक, शून्य उरली तर हत्ती. त्या हिशोबात बडोदंच काय, समुद्र पण कुठे येत नाही. सोलापूरला बेडूक तर शिलाँगलाही बेडूकच. आणि मघा असतं साधारण 16-17 ऑगस्टपासून पुढे दोन आठवडे. त्या दिवसांत आपल्याकडे पाऊस येईल म्हणायला आजोबा कशाला हवेत, मी पण म्हणते.

पंचांगी
आजोबांवर जाऊ नका.

कपाशीवाला
माझी थोडी शेती आहे वाघोडियाकडे, म्हणून मधे पडतो. सगळे अंदाज बरोबर की चूक यावर भांडताय, पण चूक दोन जातीची असते आणि तिचा खर्च सारखा नसतो. मला 'पाऊस येणार' सांगितलं आणि नाही आला तर फवारणी पुढे ढकलली गेली, बस. पण 'कोरडं' सांगितलं आणि संध्याकाळी आला तर औषध धुतलं, मजुरी गेली, युरिया वाहून गेला. म्हणून मला वेधशाळेने जरा घाबरून अंदाज दिलेला चालतो. नानांचं उलट आहे, त्यांना खोटी भीती महागात पडते. एकच पट्टी दोघांना पुरणार कशी? मी तर मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला बघतो, मेघदूत ॲपवर तालुक्याचे आकडे असतात, 2019 पासून आहे ते. वीज कडकडायला लागली की विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप. टीव्ही बघून शेती करणारा आमच्याकडे कोणी नाही आणि मांडव कोणी टीव्ही बघून का बांधतो हे मला कळत नाही, माफ करा नाना.

मांडववाले नाना
माफ केलं. कापूस भिजला की फोन करा, ताडपत्री भाड्याने देतो.

समा रोडवरून
तुमचं मांडव नि कापूस चालू द्या, पण मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्हाला पावसाने नाही बुडवलं, विश्वामित्री नदीने बुडवलं. अलर्ट तर होताच ना! डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, गुजरातवरून सरकतंय हे सगळ्यांना माहीत होतं, तेच पुढे 30 तारखेला कच्छवरून समुद्रात उतरून 'असना' चक्रीवादळ झालं, 1976 नंतर पहिल्यांदा ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ. शास्त्रज्ञांना कौतुक. आमच्या इथे पाऊस ओसरला आणि तरी पाणी जिना चढत होतं, खालच्या काकूंना खुर्चीवर बसवून वर आणलं, फ्रिज तरंगत होता. नदी 26 फुटांना धोक्याची, ती 35 च्या वर गेली. हे मिलिमीटरमध्ये कोण सांगणार होतं?

काळाघोडा पुलावरून
ते हवामान खात्याचं कामच नाही. पाऊस किती ते त्यांनी सांगितलं. नदी पावागढकडून येते, आजवा तलावाचं पाणी तिच्यात येतं, ते येऊन पोचायला वेळ लागतो, म्हणून वर ऊन आणि खाली पूर. साधं आहे. आणि पातळीचे आकडे तेव्हा सगळीकडे फिरत होते, काळाघोडा पुलाला इतके फूट, अकोटा पुलाला इतके. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितले.

समा रोडवरून
साधं आहे?! काळाघोड्याला 30 फूट म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये किती, हे तुम्ही सांगा. माझ्या घरापासून पूल कुठे, मी कुठे. आकडा बघून मी काय ठरवायचं, गाडी काढू की आईला काढू?

दिलखुश
आईला. गाडीचा विमा असतो.

हरणीकर
सगळा घोळ नदी दाबल्याचा आहे. लहानपणी आम्ही नदीकाठच्या ज्या कोतरांत, म्हणजे घळींत, बोरं वेचायला जायचो तिथे आता टॉवर उभे आहेत, प्रत्येकाचं नाव 'रिव्हर' काहीतरी. कोतरं भरली की पाणी जाणार कुठे? मगरी पण बिचाऱ्या पार्किंगमध्ये येतात, त्यांचंच घर होतं. सयाजीराव महाराजांनी आजवा बांधला तो शहराला पाणी पाजायला, आपण खाली नदीचा गळा आवळला आणि वर आजव्याला शिव्या.

काळाघोडा पुलावरून
2025 च्या पावसाळ्याआधी नदी खोल-रुंद केली ना? रोज फोटो येत होते.

हरणीकर
गाळ काढला हो. टॉवर काढले का?

ओटल्यावरची
विषय अंदाजाचा होता. वेगळं लिहा ना नदीवर.

समा रोडवरून
ताई, तुमच्या ओट्यावर पाणी आलं होतं का? नसेल तर विषय कुठला ते आम्हाला ठरवू द्या. अंदाज म्हणजे माझ्या दाराशी काय होणार ते. 31 जुलै 2019 ला 24 तासांत 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हाही हेच. प्रत्येक वेळी नंतर कळतं की सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. वेधशाळेने पाऊस सांगितला, कोणीतरी फूट सांगितले, आणि मधली बेरीज मी करायची, अंधारात, गुडघाभर पाण्यात.

ओटल्यावरची
बरं. हे मान्य करायला जिवावर येतंय पण मधली बेरीज कोणीतरी करून द्यायला हवी. मे 2025 पासून वेधशाळेची भारत फोरकास्ट सिस्टिम आली, ती 6 किलोमीटरच्या एकेका चौकटीचा अंदाज काढते, आधी चौकट 12 ची होती. पण चौकट कितीही लहान केली तरी पाणी कुठल्या नाल्यातून उलटं येणार हे त्यात नसतं, त्याला नदीचे आणि रस्त्यांच्या उंचीचे नकाशे लागतात. तरी वेधशाळेला टाळं लावण्याचा मुद्दा चूकच होता, तो मी सोडणार नाही.

मांडववाले नाना
बाई, पट्टीखालची ओळ वाचत जाईन. चष्म्याचा नंबर वाढला तर बिल ओट्यावर पाठवतो. पण टाळं लावा हे पण मी सोडत नाही, निदान त्या चॅनेलला तरी.

कपाशीवाला
अजून एक, पावसाच्या आकड्यातले ते 24 तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. रात्री पडलेला पाऊस उद्याच्या आकड्यात येतो आणि लोक म्हणतात काल तर ऊन होतं, आकडा खोटा. असंही भांडण आमच्या पारावर होऊन गेलंय.

काळाघोडा पुलावरून
मला अजूनही वाटतं की 2024 ला वेळ भरपूर होता. आदल्या दिवसापासून सांगत होते. आपले लोक हलत नाहीत, 'आपल्याकडे नाही येत पाणी' म्हणून भजी तळत बसतात आणि मग बोटवाल्यांना शिव्या. थोडी जबाबदारी स्वतःची पण असते.

समा रोडवरून
तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?

काळाघोडा पुलावरून
त्याचा काय संबंध.

समा रोडवरून
सांगा तर.

काळाघोडा पुलावरून
सहाव्या. पण लिफ्ट तीन दिवस बंद होती आमची पण.