जुन्या आंब्याखाली ड्रिप टाकायचंय, मुळांना त्रास होईल का?

प्रश्न: साताऱ्याला आमच्या परसात आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे, त्याच्या सावलीत अबोली नि हळद लावायचीय म्हणून ड्रिपवाल्याला बोलावलं तर तो म्हणतो बुंध्याजवळ चर खणून पाईप पुरतो. झाड दुखावणार नाही ना? जीव अडकलाय हो त्यात.

उत्तर १: चर अजिबात खणू देऊ नका!! पाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या फूट-दीड फुटातच असतात, कुदळ लागली की तुटलीच. १६ मिमीची नळी जमिनीवरूनच टाका, फांद्यांचा घेर संपतो तिथे गोल फिरवा, ताशी ४ लिटरचे ड्रिपर, वर पालापाचोळा. बुंध्याला माती चढवू नका, साल कुजते. आमचा फणस तसाच गेला, सालीत बोट घातलं तर भिजलेल्या भाकरीसारखी मऊ.

उत्तर २: पावसाळा संपला की मोहोर येईपर्यंत आंब्याला ताण द्या, पाणी दिलंत तर नुसती पालवी फुटते. हळदीला नेमकं तेव्हाच पाणी लागतं, म्हणून ती घेराबाहेर लावा, लाईन नि कॉक वेगळा. अबोली कुंड्यांत बरी.

प्रश्नकर्ता: खूप आभार, हळद विहिरीकडे सरकवतो. ड्रिपवाल्याला आत्ताच फोन करून चर थांबवला.