ज्वालामुखीऐवजी मडकं घ्या

सहावीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनात काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी सुचवलाय. दिसायला झकास, पण दर प्रदर्शनात तीनचार असतातच, आणि परीक्षकांनी 'यात तू काय मोजलंस?' विचारलं की मूल आईकडे बघतं.

त्यापेक्षा कुंभाराकडून एकाच मापाची दोन छोटी मडकी आणा. एकाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्या, दुसरं तसंच राहू द्या. पेंट पूर्ण वाळला की दोन्ही रात्रभर भरून ठेवा. सकाळी दोन्हींत सारखंच पाणी, वर झाकण, आणि दर तासाला तापमान. कोरं मडकं गार होतं, रंगवलेलं जवळपास होत नाही, कारण पाणी ज्यांतून झिरपून बाहेर उडतं ती छिद्रं बुजली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनही करायला लावा. कोऱ्याचं घटत जातं, तेच उडून गेलेलं पाणी! एक ग्रॅम पाणी उडताना साधारण 580 कॅलरी उष्णता नेतं (एक कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता). म्हणजे 10 ग्रॅम उडालं तर लिटरभर पाणी हिशेबाने पाचसहा अंश उतरायला हवं. प्रत्यक्षात कमी उतरतं, कारण बाहेरची उष्णता आत येत राहते. हे तिला स्वतःला सांगता आलं की निम्मं काम झालं.

तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो साधारण 32-35 अंश सेल्सियसच्या खाली दाखवतच नाही. प्रयोगशाळेचा घ्या. आणि प्रदर्शन पावसाळ्यात असेल तर आत्ताच नोंदी करून ठेवा. दमट हवेत फरक फारसा पडत नाही. तक्ता मात्र तिच्याच अक्षरात, खाडाखोडीसकट.