एसव्हीजी: आकारांची काळजी मिटली, मराठी अक्षरांची नाही

'आता एसव्हीजी सगळ्याच ब्राउझरमध्ये सारखं दिसतं, ब्राउझरांची तुलना कशाला करायची?' असं एक मत ऐकू येतं. एसव्हीजी म्हणजे वेबपानावर रेषा-आकारांनी बनलेली चित्रं दाखवायचं तंत्र. ते मत मला अर्धंच पटतं. रेषा, आकार, रंग यांचा प्रश्न सुटलाय. २००१ साली प्रमाणित झालेलं हे तंत्र फायरफॉक्समध्ये २००५ ला आलं, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये थेट २०११ ला.

पण अक्षरं? आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचा तक्ता मी एसव्हीजीत केला: ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. माझ्या संगणकावर झकास दिसला, कारण त्यात वापरलेला फाँट तिथे होताच. वडिलांच्या मोबाईलवर मात्र तो नव्हता, म्हणून शब्द रेषेबाहेर गेले. इमेज टॅगमधून, म्हणजे पानात वेगळी चित्र-फाईल म्हणून लावलेलं एसव्हीजी बाहेरचा फाँट उचलत नाही, मग ब्राउझर कुठलाही असो. एसव्हीजीचे स्वतःचे फाँट वापरावेत, तर फायरफॉक्सने ते कधी घेतलेच नाहीत आणि क्रोमने २०१४ मध्ये काढून टाकले.

म्हणून एसव्हीजी थेट पानाच्या एचटीएमएलमध्येच लिहा. पानाचा फाँट त्याला लागतो. अक्षरांचे पाथ, म्हणजे मजकुराऐवजी नुसते आकार, मात्र कृपया करू नका. नदी चढत असताना स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्यालाही तो आकडा ऐकू यायलाच हवा.